गाडीवर नाव कोणाचं?

सुरुवातीलाच दोन कबुल्या देते.

पहिली सोपी आहे. मी कॉन्व्हेंटची. आमच्या वऱ्हाडात कुठल्याही इंग्रजी शाळेला ‘कॉन्व्हेंट’च म्हणतात, पण माझी खरोखरच सिस्टरांची होती. गाव डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. शाळा मात्र अकोल्याला, मावशीकडे राहून. एकोणसाठ म्हणजे 59 की 69, हे मला आजही मनात मोजून ठरवावं लागतं. म्हणून या लेखातले सगळे आकडे अंकांत लिहिलेत. मराठीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दुसरी कबुली जरा जड आहे. गेल्या वर्षी आमच्या टीमने ‘बाहा’साठी गाडी बनवली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बाहा एसएई इंडिया ही 2007 पासून चालणारी कॉलेजांची स्पर्धा आहे. एका माणसाची, खाचखळग्यांतून पळणारी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करून बनवायची. गाडीचा जीव म्हणजे तिचा पिंजरा, रोल केज. गाडी उलटली तर आतला ड्रायव्हर वाचतो तो या पाइपांमुळे. डिझाइन आम्ही केलं, सॉफ्टवेअरवर लोड टाकून लाल-पिवळी-हिरवी चित्रं काढली, ती पाहून खूष झालो. पण पाइप वाकवले, दुसऱ्या पाइपाच्या गोलाईवर नीट बसतील असे त्यांचे टोक घासले आणि जोडले ते कॉलेजजवळच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींनी. दिवसभर त्यांची खिडक्या-गेटची कामं असायची, म्हणून आमचं काम रात्री. असे 11 रात्री!

गाडी तयार झाल्यावर तिच्या बाजूला नावांचा स्टिकर लावला. टीममधले सगळे, गाइड सर, एचओडी सर, प्राचार्य. दुसऱ्या बाजूला स्पॉन्सर. नाश्त्याचा खर्च उचलणारं हॉटेलसुद्धा त्यात होतं. मिस्त्रींचा मदतनीस, आमच्याच वयाचा मुलगा, एकेक नाव बोटाने वाचत गेला. यादी संपली तेव्हा तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. तिथे स्पॉन्सर होते. तेही त्याने सगळे वाचले. मग काही न बोलता वेल्डिंगची केबल गुंडाळायला लागला.

ती यादी मी टाइप केली होती. कोणी मला ‘मिस्त्रींचं नाव घेऊ नको’ असं सांगितलं नव्हतं. मला ते सुचलंच नाही. हा लेख त्या न सुचण्याबद्दल आहे.

खरं तर मला तरी सुचायला हवं होतं. डोणगाव आमचं रस्त्यावरचं गाव, मेहकर-मालेगाव रोडवर. रस्त्याला लागून वेल्डिंगची दुकानं. सुट्टीत गावी गेले की आमच्या घराजवळच्या दुकानात मी तासन्‌तास उभी राहायचे. ते काका ट्रॅक्टरची ट्रॉली बनवतात, पेरणीयंत्र दुरुस्त करतात, आणि जुन्या सायकलचं चाक लावून हाताने ढकलायचा डवरा करतात. शेतकऱ्याची उंची विचारून दांडा कापतात. ‘कस्टम बिल्ट’ म्हणजे आणखी काय असतं हो?

एकदा त्यांच्याकडे ट्रॅक्टरचं मडगार्ड आलं. पोचा तर काढला, पण पत्रा ठोकून ठोकून पसरला होता. बोटाने दाबला की आत, सोडला की बाहेर, टुकटुक वाजायचा. काकांनी गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल केला, भोवती हलके हातोडे मारले आणि ओलं फडकं ठेवलं. चर्रर्र! असे 4-5 ठिपके घेतले आणि पत्रा ताठ झाला. मी म्हटलं, “काका, गरम केल्यावर तर लोखंड वाढतं, मग हे आकसलं कसं?” ते म्हणाले, “वाढाले जागा पाह्यजे ना पोरी! चारी बाजूनं थंडा पत्रा त्याले दाबून हाय. मंग ते जागच्या जागी जाड होते, अन् थंडं झालं का आकसते.”

दुसऱ्या वर्षाला थर्मल स्ट्रेस हा चॅप्टर आला. फळ्यावर ‘सिग्मा इज इक्वल टु ई अल्फा टी’ लिहिलं गेलं आणि मला चर्रर्र ऐकू आलं. बाकी वर्ग पाठ करत होता. मला तो प्रश्न कधी पाठ करावा लागला नाही.

तरीही यादी टाइप करताना मला हे आठवलं नाही. का?

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. हॉस्टेलवर आपण सगळेच कस्टम गाड्यांचे व्हिडिओ बघतो. 1930-40 च्या दशकांत कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या घ्यायच्या, मडगार्ड काढून हलक्या करायच्या, दणकट इंजिन बसवायचं आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवायच्या, यातून ‘हॉट रॉड’ आले. 1932 ची फोर्ड तर त्यांची आजही लाडकी, कारण त्याच वर्षी फोर्डने परवडणाऱ्या गाडीत व्ही-8 इंजिन दिलं. पुढे वेगाबरोबर रूपाचंही वेड आलं. छप्पर कापून खाली घ्यायचं, गाडी बुटकी करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण खिडक्यांचे खांब तिरके असतात, त्यामुळे मधले 4 इंच काढले की वरचा खांब खालच्या खांबावर बसतच नाही. मग छप्परच कापायचं, वाढवायचं, काचा नव्याने बसवायच्या, आणि हे सगळं असं करायचं की बघणाऱ्याला वाटावं, गाडी कारखान्यातूनच अशी आली.

या जगात पत्रा घडवणाऱ्याला मान आहे. गाडी कोणाच्या मालकीची यापेक्षा ती कोणी घडवली हे आधी विचारतात. 1949 ची मर्क्युरी म्हटली की जाणकार सॅम बॅरिसचं नाव घेतात, कारण तिचं छप्पर त्याने कापलं होतं. पण तिथेही गंमत बघा. सॅमचा भाऊ जॉर्ज बॅरिस बोलका, कॅमेऱ्यासमोर रमणारा. जगाला माहीत झाला तो जॉर्ज. 1966 च्या टीव्ही मालिकेतली बॅटमोबाइल आपल्याला माहीत आहे, ती जॉर्ज बॅरिसची म्हणूनच. मूळ गाडी 1955 ची लिंकन फ्यूचुरा, इटलीत तुरीनच्या घिया कंपनीत हाताने बनवलेली, प्रदर्शनासाठीची. तिची बॅटमोबाइल करताना पत्र्याचं काम मात्र केलं बिल कुशेनबेरी नावाच्या कारागिराने. 2013 साली ती गाडी लिलावात 40 लाख डॉलरच्या वर गेली. बॅटमॅन सगळ्यांना माहीत, बॅरिस थोड्यांना माहीत. कुशेनबेरी? मला स्वतःला हे नाव गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणजे नाव विसरणं हा काही फक्त आपलाच दोष नाही. पण तिकडे निदान कोणीतरी ते नाव लिहून ठेवलं. म्हणून ते शोधता येतं.

आपल्याकडे हातात कमी कला होती का? मुळीच नाही. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम बघा. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जातात. ते नुसतं नक्षीकाम नाही, ठोक्यांनी धातू कठीण होतो, पातळ पत्र्याचं भांडंही पोचत नाही. आपण त्याला स्ट्रेन हार्डनिंग म्हणतो. आणि आमच्या भागात रस्त्याकडेला पालं टाकणारे घिसाडी तर सगळ्यांनी पाहिलेत. नवरा सांडशीने लाल लोखंड ऐरणीवर धरतो आणि बायको घण मारते. मेकॅनिकलला ॲडमिशन घेताना ‘मुलींना झेपेल का?’ असं मला विचारणाऱ्यांनी एकदा त्या पालापाशी जाऊन उभं राहावं.

मग मान का नाही? स्पष्ट बोलायचं तर हात काळे होणारं काम आपल्याकडे जातीला जोडलं गेलं. लोहार गावाचा बलुतेदार, त्याच्या फाळाशिवाय नांगर चालायचा नाही, पण मोबदला म्हणजे खळ्यावरचं धान्य. घिसाड्यांना तर गावच नाही. डिग्रीवाला खुर्चीत, मिस्त्री उन्हात, ही मांडणी कॉलेजने तयार केलेली नाही. ती आधीपासून होती. कॉलेजने फक्त तिला सर्टिफिकेट दिलं.

आता महाराष्ट्रातल्या दोन माणसांबद्दल लिहायचंय.

पहिले सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. फॅब्रिकेशनचं काम करणारा माणूस. जुन्या गाड्यांचे सुटे भाग, भंगार आणि स्वतःचं डोकं वापरून त्यांनी छोटी चारचाकी बनवली, साधारण 60,000 रुपयांत. मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी! डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला, तेव्हाच लिहिलं की नियमात बसत नसल्यामुळे ही गाडी आज ना उद्या थांबवली जाईल, म्हणून मी तिच्या बदल्यात बोलेरो देतो. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. छान झालं. आपण सगळ्यांनी लाइक केलं.

दुसरा यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल. गावात त्याला ‘मुन्ना हेलिकॉप्टर’ म्हणायचे. वय 24. शाळा आठवीत सुटलेली. भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात कपाटं, कूलर बनवायचा. पत्रा घडवण्यात हात बसलेला. त्याने दोनेक वर्षं खपून एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं, मारुती 800 चं इंजिन लावून. 15 ऑगस्टला ते लोकांना दाखवायचं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये, त्याच्या काही दिवस आधी, रात्री चाचणी घेताना मागच्या पंख्याचं पातं तुटलं, मोठ्या पंख्यावर आदळलं, आणि त्यात इस्माईल गेला.

तेव्हा मी अकरावीत होते. ती बातमी वाचून लोक दोन प्रकारे बोलले. काही म्हणाले, ‘काय हिंमत होती!’ काही म्हणाले, ‘शिक्षण नसताना कशाला हे उद्योग?’ मला दोन्ही पटलं नव्हतं, पण का ते सांगता यायचं नाही. आता थोडं येतं.

फिरणाऱ्या पात्याला मुळापासून ओढणारं बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. फेऱ्या दुप्पट केल्या की ओढ चौपट. हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. पातं आज टिकलं म्हणजे उद्या टिकेलच असं नाही, थकवा धातूलाही येतो, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. आणि नवीन पंखा माणसाला आत बसवून फिरवायचा नसतो. आधी तो एकटा, भोवती वाळूची पोती रचून, लांबून फिरवायचा, हे कुठल्याही चांगल्या लॅब असिस्टंटला माहीत असतं. मी असं म्हणत नाही की आपल्यापैकी कोणी तिथे असतं तर तो नक्की वाचला असता. हेलिकॉप्टर हे भल्याभल्यांना न जमणारं प्रकरण आहे. पण विदर्भात एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि एका माणसाने 2 वर्षं उघड्यावर पंखा घडवला. ‘भाऊ, चालू करण्याआधी हे एकदा मोजून बघू’ म्हणायला कोणी नव्हतं. त्याच्याजवळ हात होते आणि आपल्याजवळ सूत्रं. दोघांच्या मध्ये कॉलेजचं गेट होतं.

म्हणूनच मला नुसत्या टाळ्यांची भीती वाटते. आपण कारागिराला एक तर ‘अंगठाछाप’ म्हणतो, नाहीतर ‘देसी जीनियस’ म्हणून डोक्यावर घेतो. दोन्हीत त्याच्याजवळ जाऊन बसायचं काम वाचतं!

मी स्वतः त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाहीये. आमच्या डोणगावच्या काकांनाही मी भांडते. काच न लावता, डोळा बारीक करून टाका मारतात आणि रात्री डोळ्यांची आग झाली की बटाट्याचे काप ठेवून झोपतात. ट्रॉलीचा हुक किती जाड घ्यायचा हे ‘अंदाजे’ ठरतं. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, पण ट्रॉलीत ऊस नसतो नेहमी, लग्नाचं वऱ्हाडही असतं. ‘अंदाजे’ला कुठेतरी आकड्याची जोड हवीच.

कायद्याचंही तसंच. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. माझे काही मित्र यावर चिडतात, ‘म्हणूनच इंडियात कस्टम कार होत नाहीत’ म्हणतात. मला कायदा चुकीचा वाटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. खुपतं ते एवढंच की मोठ्या कंपनीला गाडी तपासून घ्यायला पुण्याची एआरएआय आहे, आणि देवराष्ट्र्याच्या माणसाने जायचं कुठे?

जोड मिळाली की काय होतं याचंही उदाहरण आहे. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी. त्यांनी बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांची जोडणी आणि शेतीची अवजारं बसवली. ‘बुलेट सांती’ हे तिचं नाव. बैलजोडी परवडत नाही अशा शेतकऱ्याची कोळपणी-पेरणी त्यावर होते. प्रा. अनिल गुप्ता यांच्या हनी बी नेटवर्कच्या लोकांनी ही गाडी हेरली, तिचे कागद केले, आणि मनसुखभाईंना भारताचंच नव्हे तर अमेरिकेचंही पेटंट मिळालं. कागदावर नाव कोणाचं? मनसुखभाईंचं. शिकलेल्या माणसांनी त्यांच्यासाठी कारकुनी केली. मला हे फार आवडलं. आपल्या डिग्रीचा हा उपयोग आपल्याला कोणी सांगितलाच नव्हता.

आता आपल्या घरात येऊ. वर्कशॉपचे जॉब आपण कसे करतो हे काय मी सांगायला हवं? फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब, चौकोन घासून घासून हाताला फोड. मग कोणीतरी सांगतं की सिनियरचा जुना जॉब मिळतो, थोडा पॉलिश मारला की झालं. फायनल इयरला तर अख्खा प्रोजेक्टच बाहेर ‘करून’ मिळतो. रिपोर्टमध्ये ‘द मॉडेल वॉज फॅब्रिकेटेड’ असं छापलं जातं. कोणी फॅब्रिकेट केलं? इंग्रजीचा हा पॅसिव्ह व्हॉइस आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना सिस्टरांनी फार मेहनतीने शिकवला होता. तो माणूस लपवायला इतका कामी येईल असं वाटलं नव्हतं!

काही जण म्हणतील, ‘अगं, त्याला पैसे दिले ना? मग?’ दिले की. पण सरांनाही पगार मिळतो, तरी त्यांचं नाव पहिल्या पानावर असतं. पैसे कामाचे असतात, आणि काम कोणाचं हे नाव सांगतं.

तर माझ्या सूचना तीन आहेत, तिन्हींना खर्च फारसा नाही.

एक. प्रोजेक्ट असो की गाडी, ज्याने वेल्डिंग, टर्निंग, पत्र्याचं काम केलं त्याचं नाव छापायचं. ‘आभार’च्या शेवटच्या ओळीत नाही, टीमच्या यादीत. प्रोजेक्ट विकत घेणाऱ्यांची यात पंचाईत होईल हे मला माहीत आहे. होऊ दे.

दोन. प्रत्येक सेमिस्टरला एक दिवस वर्कशॉपमध्ये एखाद्या मिस्त्रींना शिकवायला बोलवायचं. गेस्ट लेक्चरला जे मानधन देतो तेच त्यांना द्यायचं, आणि खुर्चीही तीच. वेल्डिंग थंड होताना अँगल ओढून घेतं, म्हणून आधीच तो बोटभर उलटा कसा धरायचा, हे त्यांच्याकडून शिकावं. पुस्तकात ‘डिस्टॉर्शन’वर 4 पानं आहेत, पण बोटभर म्हणजे किती ते नाही. आमचे काका म्हणतात तसं, “पुस्तकात लिहेल हाय ते खरंच हाय पोरी, पण लोखंडाले वाचता येत नाही.” आणि त्या दिवशी आपणही त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात, निदान डोळ्यांसमोर काच का धरायची ते.

तीन. शनिवारी दुपारी आपली लॅब 2 तास उघडी ठेवावी. आसपासच्या कोणाही फॅब्रिकेटरने, शेतकऱ्याने आपलं यंत्र किंवा नुसता कागदावरचा स्केच घेऊन यावं. हुक किती जाड, पाइप किती गेजचा, पंखा किती फेऱ्यांना सुरक्षित, हे थर्ड आणि फायनल इयरच्या मुलांनी सरांच्या देखरेखीखाली मोजून द्यावं. फुकट. आणि जिथे ‘हे करू नका, जीव जाईल’ म्हणायचं असेल तिथे तेही सांगावं, पण कारणासहित, समोर बसून. गेटवर वॉचमनने अडवू नये एवढी मात्र सोय करावी लागेल.

यातून कोणी कुशेनबेरी होईल की नाही मला माहीत नाही. डोणगावच्या रस्त्यावर हॉट रॉड पळेल असं स्वप्नही मी बघत नाही, तिथे ट्रॉलीचा हुक न तुटणं जास्त गरजेचं आहे. पण फुलसावंगीसारखी बातमी पुन्हा वाचली तर ‘आमचं गेट उघडं होतं’ एवढं तरी आपल्याला म्हणता यावं.

यंदाची गाडी तयार होतेय. पिंजरा त्याच मिस्त्रींकडे आहे. परवा मी त्यांना विचारलं, “काका, तुमचं पूर्ण नाव काय?” गेल्या वर्षी 11 रात्री त्यांच्या दुकानात चहा प्यायलो, पण हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं बिलासाठी हवंय. म्हणाले, “दुकानाच्या नावानंच फाडा ना बिल.” मी म्हटलं, “बिलाला नाही, गाडीवर लिहायचंय.”

ते थोडं हसले. मग मागे वळून मदतनिसाला म्हणाले, “अरे, तुझं पण सांग. स्पेलिंग नीट सांग.”

दोन्ही नावं यादीत घेतली आहेत. स्टिकर अजून छापायला गेलेला नाही. टीममधल्या कोणाला हरकत असेल तर मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये मला भेटावं, चहा माझ्याकडून.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी